पर्यावरण शिकून पुढे काय? एका पालकांचा प्रश्न



परवा पालकसभा संपल्यावर एक वडील थांबले. लूमवर पाळी करतात. धाकटा माझ्या चौथीच्या वर्गात, मोठी मुलगी बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला. "बाई, ती म्हणते एम.एस्सी. पर्यावरण करायचं. अजून दोन वर्षं! झाडं लावायला एवढं शिकावं लागतं का?"

मी त्यांना भिवंडीचंच उदाहरण दिलं. सायझिंगमध्ये ताण्याच्या सुताला खळ लावतात हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. पुढे कापड रंगवण्याआधी ती खळ धुऊन काढतात. खळ म्हणजे स्टार्च, भाताच्या पेजेसारखाच. विषारी नाही, मग बिघडलं कुठे? तर पाण्यातले जिवाणू तो खातात आणि खाताना पाण्यातला प्राणवायू संपवतात. मासे गुदमरतात. असा किती प्राणवायू खर्च होतो हे मोजणारी चाचणी म्हणजे बीओडी. (मी डी.एड. झालेली, हा शब्द मला त्या मुलीनेच सांगितला!) नमुन्याची बाटली २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवायची, आधीचा आणि नंतरचा प्राणवायू मोजायचा. नदीत सोडायच्या सांडपाण्याला सर्वसाधारण मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम.

१९७४ च्या जल कायद्याप्रमाणे सांडपाणी सोडणाऱ्या कारखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. आता बघा, नमुना घेणारा, तपासणारा, संमतीची कागदपत्रं करणारा, सांडपाणी प्रक्रिया केंद्र सांभाळणारा, ही माणसं शिकूनच तयार होतात.

शिकायचं कुठे? सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचा विभाग आहे. पुण्यातच भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था १९९३ पासून आहे. इंजिनिअरिंग केलेल्यांना पवईच्या आयआयटीत एम.टेक. करता येतं; गेट परीक्षेत २०२१ पासून पर्यावरणाचा वेगळा पेपरही आहे. संशोधनाची ओढ असेल तर नागपूरची नीरी, १९५८ पासूनची.

एक मात्र मी त्यांना स्पष्ट सांगितलं. सरकारी जागांवरच भिस्त ठेवू नका. खाजगी प्रयोगशाळा, सल्लागार कंपन्या, कारखाने इथे सुरुवात करावी लागते आणि सुरुवातीचा पगार बेताचाच असतो. म्हणून फी भरण्याआधी मुलीला घेऊन विभागात जा. प्रयोगशाळा उघडी असते का, मुलं स्वतः नमुने घेतात का, कारखान्यात किती दिवस पाठवतात आणि मागच्या वर्षीची मुलं आज कुठे आहेत, एवढं तिथल्याच विद्यार्थ्यांना विचारा.