कृत्रिम बुद्धिमत्ता : ओळख आणि सावधानता

आज 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हा शब्द सर्वांच्या कानावर पडतो. १९५६ साली अमेरिकेतील डार्टमथ येथील परिषदेपासून तो रूढ झाला. साध्या संगणकाला प्रत्येक नियम सांगावा लागतो. येथे मात्र हजारो जुनी उदाहरणे दिली की यंत्र त्यांतून स्वतःच आडाखे बांधते. खंडाळ्याच्या शेजारील पुणे जिल्ह्यात बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टने उसासाठी तिचा उपयोग केला आहे. उपग्रहाची छायाचित्रे, हवामान व जमिनीतील ओलावा पाहून पाणी केव्हा द्यावे याचा सल्ला शेतकऱ्यास मोबाईलवर मिळतो.

परंतु जुनी उदाहरणेच पक्षपाती असली तर? अ‍ॅमेझॉन कंपनीने नोकरीचे अर्ज छाननारी अशी प्रणाली तयार केली होती. आधीचे अर्ज बहुतांशी पुरुषांचे, म्हणून ती स्त्रियांचे अर्ज मागे टाकू लागली. ती बंद करावी लागली, हे २०१८ साली उघड झाले.

आम्ही बँकेत काम करतो. ज्या वस्तीला पूर्वी कर्जच मिळाले नाही, तिची उदाहरणे यंत्रापाशी कोठून असणार? मग नकार पुन्हा तिच्याच वाट्याला येण्याचा धोका आहे. म्हणून विद्यार्थ्यांनी हे तंत्र जरूर शिकावे आणि नकाराचे कारण लेखी मागण्याची सवयही लावून घ्यावी.