सर्व्हरवरचा जागता पहारा

सर्व्हर म्हणजे इतर संगणकांना मागणीनुसार माहिती किंवा सेवा पुरवणारा, रात्रंदिवस चालू राहणे अपेक्षित असलेला संगणक. आणि असे अनेक संगणक स्विच, राउटर व तारांनी एकमेकांना जोडले गेले की त्यांचे नेटवर्क होते. सर्व्हर बंद पडला की त्यावर अवलंबून असलेल्या सर्वांना ते लगेच कळते, परंतु बंद पडण्याच्या कित्येक तास आधीपासून त्याची डिस्क भरत आलेली असते किंवा मेमरी अपुरी पडू लागलेली असते, हे मात्र कोणी मुद्दाम पाहिल्याखेरीज लक्षात येत नाही. हे पाहण्याचे काम मॉनिटरिंग सॉफ्टवेअर करते. या क्षेत्रातील अनेक प्रमुख साधने ओपन सोर्स आहेत, म्हणजे त्यांचा सोर्स कोड कोणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि परवान्याच्या अटी पाळून पुढे वाटताही येतो.

या परंपरेच्या आरंभी ‘पिंग’ हा छोटासा प्रोग्रॅम आहे. अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीतील माइक मूस यांनी तो डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला. दुसऱ्या संगणकाकडे एक छोटा संदेश पाठवायचा आणि त्याचे उत्तर किती वेळात येते ते मोजायचे, एवढेच त्याचे काम असल्याने यंत्र जिवंत आहे की नाही हे त्यातून कळे, पण त्याच्या आत काय चालले आहे हे कळत नसे. ती उणीव एसएनएमपी या १९८८ मधील नियमावलीने भरून काढली, कारण राउटरपासून प्रिंटरपर्यंत कोणत्याही उपकरणाला त्याची स्थिती ठरावीक पद्धतीने विचारण्याची सोय तिने केली.

या सोयीचा मोठा उपयोग टोबियास ओटिकर यांनी करून घेतला. १९९४ मध्ये ते इंग्लंडमधील लेस्टर येथील विद्यापीठात असताना तिथून बाहेरच्या जगाशी जोडणारी लाइन अवघ्या ६४ किलोबिटची होती आणि तिच्यावर किती ताण आहे हे जाणून घेण्याची निकड सर्वांनाच होती. राउटर आपल्यातून गेलेल्या बाइटची केवळ चढती बेरीज ठेवतो. ती दर पाच मिनिटांनी वाचून तिच्यातून आधीचा आकडा वजा केला की मधल्या काळातील वाहतूक मिळते, आणि एमआरटीजी हा त्यांचा प्रोग्रॅम तिचा ग्राफ काढून देई. पुढे लाइनचा वेग वाढला तेव्हा याच पद्धतीत एक अडचण उभी राहिली. ३२ बिटांची बेरीज सुमारे ४२९ कोटींपर्यंत पोहोचली की पुन्हा शून्यापासून सुरू होते आणि एक गिगाबिटची लाइन पूर्ण भरून वाहत असेल तर ही वेळ ३४ सेकंदांतच येते, त्यामुळे पाच मिनिटांच्या वजाबाकीला अर्थ उरत नाही. म्हणून ६४ बिटांचे मोजमाप आणावे लागले. ग्राफवर दिसणाऱ्या रेषेमागे असे किती निर्णय दडलेले असतात, हे तपासायला सोर्स कोड खुला असणे किती मोलाचे आहे, ते या उदाहरणावरून समजते.

ईथन गॅलस्टॅड यांनी १९९९ मध्ये ‘नेटसेंट’ या नावाने प्रसिद्ध केलेले आणि नंतर ‘नागिओस’ म्हणून ओळखले गेलेले सॉफ्टवेअर वेगळ्याच कारणासाठी महत्त्वाचे ठरते. प्रत्यक्ष तपासणी त्याने प्लगइन नावाच्या छोट्या, स्वतंत्र प्रोग्रॅमकडे सोपवली आणि त्यांच्याकडून मुख्यतः एका आकड्याची अपेक्षा ठेवली: सर्व ठीक असेल तर ०, इशारा द्यायचा असेल तर १, स्थिती गंभीर असेल तर २ आणि काहीच सांगता येत नसेल तर ३. हा करार इतका साधा होता की कोणत्याही भाषेत दहा-वीस ओळी लिहिता येणारा माणूस आपल्या गरजेची तपासणी त्यात जोडू शकला. या साधनांची वाढ मुख्यतः अशा साध्या करारांमुळे झाली, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. त्यांचे फुकट मिळणे हे त्यामानाने दुय्यम कारण होय. नागिओसच्या विकासाची गती व दिशा न पटलेल्या काही सहभागी मंडळींनी २००९ मध्ये त्याच कोडवरून ‘इसिंगा’ हा वेगळा प्रकल्प सुरू केला, आणि परवान्याने दिलेला हक्क प्रत्यक्षात वापरला गेला. लॅटव्हियातील अलेक्सेई व्लादिशेव यांचे ‘झॅबिक्स’ही २००१ पासून याच क्षेत्रात आहे.

नागिओससारख्या साधनांतील, तपासायच्या सर्व्हरची यादी हाताने लिहून ठेवण्याची पद्धत पुढे अपुरी पडली, कारण एकाच यंत्रावर अनेक आभासी सर्व्हर काही मिनिटांपुरते निर्माण होऊन नाहीसे होऊ लागले. बर्लिनमधील साउंडक्लाउड या कंपनीत २०१२ मध्ये सुरू झालेले ‘प्रोमिथियस’ अशा सर्व्हरचा शोध आपोआप घेते आणि ठरावीक अंतराने त्यांच्याकडून आकडे मागून आणते. इथेही करार साधाच आहे: प्रत्येक ओळीत मोजमापाचे नाव, त्याची ओळख सांगणारी लेबले आणि एक आकडा. साठलेल्या आकड्यांच्या कलावरून डिस्क येत्या चार तासांत भरेल का, असा अंदाजही त्याला विचारता येतो. हे आकडे पडद्यावर मांडण्यासाठी बहुधा टॉर्केल ओडेगार्ड यांनी २०१४ मध्ये आणलेले ‘ग्राफाना’ वापरले जाते.

तथापि साधन बसवणे हा कामाचा सोपा भाग असतो. कोणत्या आकड्याला अलर्ट पाठवायचा हे ठरवण्यासाठी त्या व्यवस्थेची खरी जाण लागते, आणि जिथे प्रत्येक लहान चढउताराला अलर्ट येतो तिथे काही दिवसांत माणसे ते वाचणेच सोडून देतात. नागिओस हे टाळण्यासाठी ठरावीक वेळा पुन्हा तपासून मगच बिघाड पक्का मानते. आणि राउटरच बंद असेल तर त्याच्या पलीकडील यंत्रे बंद पडली असे न म्हणता त्यांच्यापर्यंत पोहोचता येत नाही, एवढेच नोंदवते. पहारा देणारे सॉफ्टवेअर स्वतःच बंद पडले तर काय, या प्रश्नाला प्रोमिथियस वापरणाऱ्यांनी शोधलेले उत्तर असे की एक अलर्ट मुद्दाम कायम चालू ठेवायचा, तो बाहेरच्या वेगळ्या व्यवस्थेकडे सतत पोहोचत राहील असे पाहायचे, आणि तो यायचा थांबला की त्या व्यवस्थेने माणसाला उठवायचे.