पेट्रोल वाहनांचे सी.एन.जी.मध्ये रूपांतर : तंत्र, मर्यादा व सुरक्षितता

प्रस्तावना :
महानगरांतील वायुप्रदूषणामुळे वाहनांच्या इंधनाचा प्रश्न ऐरणीवर आला. सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी दिल्लीतील बसगाड्या संपीडित नैसर्गिक वायूवर, म्हणजेच सी.एन.जी.वर चालविण्याचा आदेश दिला. मुंबईत १९९५ मध्ये महानगर गॅस लिमिटेडची स्थापना झाली आणि पुढील काळात असंख्य टॅक्सी व रिक्षा या इंधनाकडे वळल्या. तथापि, रूपांतर म्हणजे केवळ एक टाकी बसविणे, असा समज आजही आढळतो. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचे स्वरूप स्पष्ट केले आहे.

यंत्रणेची रचना :
सी.एन.जी.मध्ये प्रामुख्याने मिथेन असतो. तो सुमारे २०० बार दाबाखाली पोलादी सिलिंडरमध्ये साठवितात. तेथून वायू दाबनियंत्रकात येतो व त्याचा दाब कमी केला जातो. प्रसरणामुळे वायू अतिशय थंड होत असल्याने दाबनियंत्रक गोठू नये म्हणून त्याभोवती इंजिनातील गरम पाणी फिरविले जाते. त्यानंतर जुन्या कार्बोरेटर वाहनांत मिक्सरद्वारे, तर नव्या वाहनांत इंजेक्टरद्वारे वायू हवेत मिसळतो. मूळ पेट्रोल यंत्रणा कायम राहते व वाहन दोन्ही इंधनांवर चालते.

मर्यादा :
मिथेन व हवेच्या आदर्श मिश्रणात मिथेनचे आकारमान सुमारे ९.५ टक्के असते. तेवढी हवा इंजिनात कमी जाते व शक्ती घटते. मिथेनची ज्योत तुलनेने सावकाश पसरत असल्याने ठिणगीही थोडी आधी पडावी लागते. मिथेनचा ऑक्टेन क्रमांक पेट्रोलपेक्षा बराच अधिक आहे. परंतु हा गुण वापरण्यासाठी संपीडन गुणोत्तर वाढवावे लागते. पेट्रोलवरही चालणाऱ्या इंजिनात ते शक्य होत नाही. म्हणजेच रूपांतरित वाहनाला नव्या इंधनाचा सर्वोत्तम गुण पूर्णतः वापरता येत नाही. शिवाय ६० लिटरच्या सिलिंडरमध्ये सुमारे ९ ते १० किलो वायू मावतो व त्याची ऊर्जा साधारणतः १४ लिटर पेट्रोलइतकीच असते.

सुरक्षितता व कायदा :
मिथेन हवेपेक्षा हलका असल्याने उघड्यावर त्वरित वर निघून जातो; बंद डिकीत मात्र तो साचतो. म्हणून सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर वायुरोधक आवरण व वाहनाबाहेर उघडणारी नळी आवश्यक ठरते. वारंवार भरण्याने धातूवर ताण येतो आणि ओलाव्यामुळे गंज चढतो. हे दोष डोळ्यांना दिसत नाहीत. यास्तव दर तीन वर्षांनी सिलिंडरची जलदाब चाचणी बंधनकारक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार मान्यताप्राप्त किट बसविणे व इंधनबदलाची नोंद नोंदणी प्रमाणपत्रात करून घेणे आवश्यक आहे. सिलिंडरला मान्यता देणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे.

समारोप :
रूपांतरानंतर इंजिन सुरळीत चालले, म्हणजे काम पूर्ण झाले असे नव्हे. मोटारीत हा सिलिंडर बहुधा मागील आसनामागेच असतो. इंधनखर्चातील बचत मालकाच्या पदरात पडते. चुकविलेल्या चाचणीचा धोका मात्र त्या आसनावर बसणाऱ्या प्रवाशाच्या वाट्याला येतो. म्हणून किटच्या किमतीइतकाच चाचणीचा दिनांकही रूपांतराच्या विचारात प्रथमपासून अंतर्भूत असणे अगत्याचे आहे.