मूल हवे असता घ्यावयाच्या गोळ्या

मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायका गरोदरपणी पांढऱ्याफटक पडत. त्याचे कारण शोधण्यास १९२८ साली डॉ. लूसी विल्स ही इंग्रज विदुषी मुंबईस आली. यीस्टचा अर्क दिला की या बायका सुधारतात, असे तिने १९३१ साली जाहीर केले. त्या अर्कातले द्रव्य पुढे १९४१ मध्ये पालकातून मिळाले, आणि पानाच्या लॅटिन नावावरून त्याला फॉलिक ॲसिड म्हणू लागले.

त्याचे अधिक नाजूक काम मात्र पुढे कळले. गर्भाचा मेंदू व मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. नीट मिटली नाही तर मूल पाठीच्या कण्यात व्यंग घेऊन येते, किंवा वाचतच नाही. पूर्वी असे मूल झालेल्या मातांना गर्भधारणेआधीपासून हे औषध दिल्यास व्यंगाची पुनरावृत्ती सुमारे ७० टक्क्यांनी घटते, असे १९९१ साली ब्रिटिश संशोधकांनी दाखविले. आणि २८ दिवस म्हणजे किती हो? पाळी चुकल्याची बातमी सासूबाईंच्या कानी जाईपर्यंत ते सरलेले असतात! म्हणून गोळी निदान महिनाभर आधी सुरू हवी.

आपल्या बीड जिल्ह्यास हे विशेष लागू. दसरा-दिवाळीच्या सुमारास नवराबायकोची जोडी, म्हणजे एक ‘कोयता’, उसाच्या फडावर जाते. दिवस राहतात ते तिकडेच, ओळखीच्या दवाखान्यापासून दूर. गोळ्या निघतानाच गाठोड्यात हव्यात.

मात्रा रोज ४०० मायक्रोग्रॅम, तिसरा महिना पुरा होईतो. दुकानात सर्रास मिळते ती ५ मिलिग्रॅमची, म्हणजे साडेबारा पट! मधुमेह, फेफऱ्याचे औषध किंवा पूर्वीचे तसे मूल, अशा कारणाने डॉक्टरांनी सांगितली तरच ती घ्यावी. शाकाहारी घरांत ब-१२ जीवनसत्त्व पुष्कळदा कमी असते. मग मोठ्या मात्रेने रक्त सुधारलेले दिसते, पण मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते. आठवड्यातून एकदा घ्यावयाची सरकारी लोहाची गोळीही या रोजच्या गोळीची जागा घेत नाही.

खरे भय ‘अ’ जीवनसत्त्वाचे. रेटिनॉलच्या रूपात रोज १०,००० एककांहून अधिक पोटात गेल्यास गर्भात व्यंग येण्याचा धोका असतो. गाजराची भीती नको. त्यातून शरीर लागेल तेवढेच ‘अ’ बनवते. पण ‘ताकदीची’ एक गोळी, वर माशाच्या यकृताचे तेल, असे कोणी घेत असेल तर दोन्ही वेष्टनांवरील आकड्यांची बेरीज करून औषधविक्रेत्यास आधी दाखवावी.