असं का? : जुन्या मोटारीचं कुलूप अस्सल कसं ओळखायचं?

अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉइस ‘सिल्व्हर घोस्ट’च्या सांगाड्यावर बांधलेली चिलखती गाडी आहे. तिच्या दाराकडे कुणी फारसं बघत नाही. पण त्याच काळातली खासगी मोटार विकायला निघाली, की जाणकार आधी दाराची मूठ आणि कुलूप न्याहाळतात. सतत हाताळल्या जाणाऱ्या या वस्तू लवकर झिजतात, त्यामुळे बदलल्याही जातात.

पहिली साक्ष मुलाम्याची. १९२०च्या दशकाच्या मध्यापर्यंत मोटारींवर निकेल चढवत. त्याची चमक किंचित पिवळसर. नंतर आलेलं क्रोमियम निळसर झळकतं. १९१५च्या गाडीवर निळी झळाळी दिसली, तर मुलामा तरी नवा किंवा मूठच नवी.

खरी गंमत आत आहे. बऱ्याच मोटारींच्या कुलपात स्प्रिंगवर बसवलेल्या पातळ पट्ट्या असतात. किल्लीचे दाते त्यांना नेमक्या उंचीवर आणतात, तेव्हाच आतलं नळकांडं फिरतं. वर्षानुवर्षं घासून किल्ली आणि पट्ट्या जात्याच्या दोन तळ्यांसारख्या एकमेकींना सरावतात. ज्या दाराचा वापर जास्त, त्याचं कुलूप साहजिकच जास्त झिजतं. दोन्ही दारांची कुलपं सारखीच कोरी असतील, तर मला तरी शंका येईल.

काही कुलपांच्या नळकांड्यावर किल्लीचा क्रमांक कोरलेला असतो, तो जुन्या किल्लीशी ताडून पाहावा. आणि शक्य असेल तर मूठ उतरवून पत्र्यावरची भोकं बघावीत. बुजवलेलं जादा भोक ही मूठ बदलल्याची खूण; ते रंगाखालूनही बोटाला लागू शकतं.