गुळाचा खडा
१९९१ साली इंदुरातील कापडगिरणी बंद पडली, वडिलांची नोकरी गेली, आणि आईने शिलाईयंत्रावर आमचा संसार तोलून धरला. पहाटेची ती घरघर हीच आम्हां भावंडांची भूपाळी होती.

पुढे नातवंडे आली. हिंदीच्या सवयीने ती 'पोळी'ला 'पोली' म्हणत. आई रागावली नाही. वाणसामानाची यादी ती त्यांच्याकडूनच मोठ्याने म्हणवून लिहून घेऊ लागली : डाळ, गूळ, तांदूळ, तीळ. चुकले तर पुन्हा. साधले तर गुळाचा खडा.

यंदा ती गेली. तेराव्याच्या सामानाची यादी धाकट्या नातवाने, कोणी न सांगता, मराठीत लिहिली. एकही 'ळ' चुकला नव्हता. गुळाचा खडा मात्र आता कोणी द्यावा, हे आम्हांला सुचेना.