फ्रीजच्या पाठीला हात लावून बघा

मागे काळी जाळी असलेला फ्रीज घरात असेल, तर तो चालू असताना त्या जाळीवरून वरून खाली अलगद हात फिरवून बघा. बहुतेक फ्रीजमध्ये वरची वेटोळी चांगली गरम लागतात, मधला बराचसा भाग एकसारखा कोमट लागतो आणि तळाशी ऊब ओसरलेली असते. तेवढ्या अंतरात केवढी घटना घडून गेलेली असते! नळीत वरून शिरलेली वाफ खाली पोचेपर्यंत द्रव झालेली असते. मधला भाग एकसारखा कोमट लागतो, कारण वाफेचा द्रव होत असताना तापमान जवळजवळ स्थिर राहतं आणि उष्णता मात्र सतत बाहेर पडत असते. फ्रीजमधला सगळा गारवा या जाळीवर अवलंबून आहे, आणि घरात सर्वांत दुर्लक्षित जागाही बहुधा तीच.

माठातलं पाणी गार कसं होतं हे आपल्याला ठाऊक आहे. झिरपलेलं पाणी उडून जाताना उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. फ्रीजही हेच करतो. फरक एवढाच, की माठातून उडालेलं पाणी परत येत नाही, म्हणून माठ पुन्हा भरावा लागतो. फ्रीजला मात्र तोच द्रव वर्षानुवर्षं पुरतो. आजच्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये हा द्रव म्हणजे आयसोब्यूटेन, आपल्या स्वयंपाकाच्या गॅसमधल्या ब्यूटेनचा सख्खा भाऊ. त्याचं वजन सहसा शंभर ग्रॅमही भरत नाही. हवेच्या नेहमीच्या दाबाला तो उणे १२ अंशांच्या आसपास उकळतो. दाब आणखी उतरवला, की त्याहून थंड जागीही त्याला उकळी फुटते. म्हणजे फ्रीझरमध्ये बर्फाच्या अगदी शेजारी, नळीच्या आत काहीतरी उकळत असतं! त्या उकळीला लागणारी उष्णता जाते दुधातून, भाजीतून, कालच्या आमटीतून.

आता या वाफेचा पुन्हा द्रव करायचा तर तिला थंड करायला हवं. फ्रीझरपेक्षा थंड जागा घरात आणायची कुठून? मे महिन्यात नागपूरच्या स्वयंपाकघरात तर बाहेरची हवाच चाळिशीच्या पलीकडे असते. इथे कॉम्प्रेसर कामाला येतो. तो वाफ इतकी दाबतो, की ती त्या तापलेल्या खोलीपेक्षाही गरम होते. मग तिच्या हिशेबी मे महिन्यातलं स्वयंपाकघरसुद्धा गारच! जाळीतून उष्णता आपसूक खोलीत जाते, वाफेचा द्रव होतो आणि सुईसारख्या बारीक तांब्याच्या नळीतून पुन्हा फ्रीझरकडे निघतो. लंडनमध्ये स्थायिक झालेले अमेरिकन संशोधक जेकब पर्किन्स यांनी १८३४ मध्ये अशा बंदिस्त फेऱ्याचं पेटंट घेतलं. तेव्हा नळ्यांत ईथर होतं. पुढे ओझोनच्या थराला घातक ठरलेले वायू आले आणि १९८७ च्या माँट्रियल करारानंतर हळूहळू गेले. द्रव बदलत गेले, फेरा तोच राहिला.

या फेऱ्यात धूळ कुठे आडवी येते ते आता कळेल. जाळीभोवतीची हवा तापून वर सरकते आणि खालून ताजी हवा आत येते. पंखा नाही, काही नाही, सगळं आपोआप. जाळीवर पुटं चढली, की त्या तंतूंमध्ये हवा अडकून बसते, आणि अडकलेली हवा पोलादाच्या जवळपास दोन हजार पटींनी कमी उष्णता पुढे जाऊ देते. त्यात आपली स्वयंपाकघरं फोडणीची! तेलाची वाफ धुळीत मुरते आणि तिचा ओशट, चिवट थर होतो. उष्णता तर बाहेर पडायलाच हवी, म्हणून जाळीचं तापमान वाढतं आणि कॉम्प्रेसरला वाफ आणखी दाबावी लागते.

त्याची किंमत मोजता येते. सादी कार्नो यांनी १८२४ मध्ये मांडलेल्या विचारातून पुढे जे गणित उभं राहिलं, ते सांगतं: फ्रीझरमधली नळी उणे २३ अंशांवर आणि मागची जाळी ४५ अंशांवर असेल, तर एक युनिट विजेत जास्तीत जास्त ३.७ युनिट उष्णता बाहेर काढता येते. जाळी ५५ अंशांवर गेली, की हीच मर्यादा ३.२ वर उतरते. प्रत्यक्षातला फ्रीज या आकड्यांच्या बराच खाली असतो, पण घसरणीची दिशा तीच. दहा अंशांनी सुमारे तेरा टक्के गेले, आणि यातून कोणत्याही कंपनीची सुटका नाही. हा निसर्गाचा नियम आहे.

सफाईला मात्र अर्धा-पाऊण तास पुरतो. नुसतं बटण बंद करून थांबू नका, प्लग काढा. फ्रीज उभाच पुढे ओढा आणि जाळी व कॉम्प्रेसर निवू द्या. रंगाचा मऊ ब्रश किंवा बाटली धुवायचा ब्रश घेऊन वरून खाली हलक्या हाताने झाडा, पडलेली धूळ व्हॅक्यूमने किंवा ओल्या फडक्याने उचला. ओशट थरासाठी साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं फडकं चालेल, पण पाणी मारायचं नाही, कारण कॉम्प्रेसरपाशी विजेची जोडणी असते. सुरी किंवा स्क्रूड्रायव्हर तर लावूच नका. नळीला भोक पडलं, तर आतला वायू ज्वलनशील आहे.

नव्या अनेक फ्रीजना मागे जाळी दिसत नाही. तिथे हीच नळी बाजूच्या पत्र्याआड असते, म्हणून त्या बाजू गरम लागतात. तो बिघाड नव्हे. त्या भिंतीला चिकटवू नका, त्यांवर कव्हर घालू नका. पंखा आणि जाळी खाली झाकणाआड असलेल्या मोठ्या फ्रीजचं काम मेकॅनिककडून करून घ्यावं.

मागे कॉम्प्रेसरवर पाण्याचा ट्रे असेल तर तोही बघा. फ्रीझरमधला बर्फ वितळून येणारं पाणी तिथे कॉम्प्रेसरच्या उष्णतेने उडून जावं, अशी योजना असते. पावसाळी दमट हवेत ते साचून राहतं आणि डेंग्यूच्या डासाला एवढं पाणी पुरतं. आठवड्यातला कोरडा दिवस पाळताना पिंपाबरोबर हा ट्रेही घासून पुसून ठेवा.

जाळीची सफाई वर्षातून दोनदा पुरे: एकदा होळीच्या आधी, उन्हाळा डोक्यावर येण्यापूर्वी, आणि एकदा दिवाळीच्या आवराआवरीत. फ्रीज आतून आपण पुसतोच. यंदा तो पुढेही ओढा, आणि मुलांना मागे बोलावून ती जाळी दाखवा. भौतिकशास्त्राचं याहून चांगलं प्रात्यक्षिक घरात दुसरं नाही.